शेअर बाजाराची तोंडओळख : कोळशाच्या एका शेअरवरून



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मराठी, रायपूरच्या रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी, तर वर्गात इंग्रजी अशी आपली स्थिती आहे. शेअर बाजाराचे शब्द या सगळ्या भाषांतून कानावर पडतात, पण त्यांचा अर्थ कुणी बसून सांगत नाही. मी गणित शिकवतो. चक्रवाढ व्याजाचे प्रकरण सुरू झाले की एक प्रश्न दरवर्षी येतोच : “सर, शेअरमध्ये पैसे दुप्पट होतात का?” याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्याआधी दहा-पंधरा शब्द नीट समजून घ्यावे लागतात. ते या लेखात सांगतो.

तुम्हाला ते समजणे इतर मुलांपेक्षा जास्त गरजेचे आहे. तुमच्यातले अनेक जण विशीतच गणवेशात असतील. राहण्या-जेवणाची सोय सरकारी, खर्च कमी आणि महिन्याला नियमित पगार. अग्निपथ योजनेत तर चार वर्षांच्या सेवेनंतर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये ‘सेवा निधी’ म्हणून एकरकमी मिळतील, असे २०२२ मध्ये योजना जाहीर करतानाच सांगितले गेले. ज्याच्या हाती कमी वयात पैसा येतो आणि ज्याला बाजाराचे शब्द कळत नाहीत, त्याला गाठायला बरेच लोक टपलेले असतात.

उदाहरण म्हणून मी कोल इंडिया ही कंपनी घेतो. ‘हा शेअर घ्या’ असे मला मुळीच सांगायचे नाही. ती आपल्या परिचयाची आहे एवढेच कारण. बिलासपूरला मुख्यालय असलेली एसईसीएल ही कोल इंडियाचीच उपकंपनी आणि कोरब्याची प्रचंड गेवरा खाण तिचीच.

शेअर, दर्शनी किंमत आणि आयपीओ

कंपनीच्या मालकीचे समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा म्हणजे एक शेअर. मराठीत त्याला समभाग म्हणतात. शेअर ज्याच्या नावावर तो भागधारक, म्हणजे त्या तुकड्यापुरता मालक. कंपनीला नफा झाला तर त्यात त्याचा वाटा आणि कंपनी बुडाली तर त्याचे शेअरमध्ये घातलेले पैसेही बुडाले. कंपनीचे कर्ज मात्र त्याच्या घरावर येत नाही.

कोल इंडियाचे २०१० साली सुमारे ६३२ कोटी शेअर होते आणि ते सगळे भारत सरकारकडे होते. प्रत्येकाची दर्शनी किंमत १० रुपये. ही किंमत कागदोपत्री हिशेबाची असते, बाजारभावाशी तिचा संबंध नसतो. ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारने त्यांतले १० टक्के शेअर जनतेला विकायला काढले. कंपनीचे शेअर अशा रीतीने पहिल्यांदा लोकांसमोर येतात त्याला आयपीओ म्हणतात. भाव ठरला २४५ रुपये. किरकोळ गुंतवणूकदारांना त्यात ५ टक्के सूट होती. विक्रीला होते त्याच्या सुमारे १५ पट शेअरना मागणी आली आणि सरकारला १५ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले.

हे पैसे कोल इंडियाला मिळाले नाहीत. जुन्या मालकाने, म्हणजे सरकारने, आपला हिस्सा विकला, म्हणून पैसे सरकारी तिजोरीत गेले. दुसऱ्या प्रकारात कंपनी नवे शेअर काढते आणि ते पैसे कारखाना वाढवायला किंवा कर्ज फेडायला वापरते. कोणत्याही आयपीओची जाहिरात पाहिली की पहिला प्रश्न हाच विचारावा : माझे पैसे नक्की कोणाकडे जाणार?

बाजार, दलाल, डीमॅट, सेबी

४ नोव्हेंबर २०१० पासून कोल इंडियाच्या शेअरची खरेदी-विक्री बाजारात सुरू झाली. आपल्याकडे दोन मोठे बाजार आहेत. मुंबई शेअर बाजार १८७५ चा. टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमणाऱ्या दलालांच्या संघटनेतून तो उभा राहिला आणि पुढे ज्या रस्त्यावर स्थिरावला त्याचे नावच दलाल स्ट्रीट पडले. दुसरा राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई. तिथे १९९४ पासून संगणकावर व्यवहार सुरू झाले. सोमवार ते शुक्रवार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन ही वेळ.

आपण थेट बाजारात जाऊ शकत नाही, दलालामार्फत जावे लागते. आज हा दलाल बहुधा मोबाइलवरचे ॲप असतो. विकत घेतलेले शेअर डीमॅट खात्यात जमा होतात. पूर्वी शेअरचे छापील कागद असत. ते हरवत, खोट्या सह्यांनी विकलेही जात. १९९६ मध्ये एनएसडीएल सुरू झाली आणि कागदाची जागा संगणकातल्या नोंदीने घेतली. आज सौदा झाल्यावर कामकाजाच्या दुसऱ्याच दिवशी शेअर खात्यात दिसतात.

या सगळ्यांवर देखरेख करणारी संस्था म्हणजे सेबी. तिची स्थापना १९८८ ची, तर १९९२ मध्ये कायद्याने तिला अधिकार मिळाले. दलाल असो की सल्लागार, त्याच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक हवाच आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो.

भाव, बाजारमूल्य आणि पी-ई

भाव कोणी ठरवत नाही, तो ठरतो. विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा दुसरा, आणि जिथे दोघे जुळतात तो त्या क्षणाचा भाव. त्या भावाला एकूण शेअरसंख्येने गुणले की कंपनीचे बाजारमूल्य मिळते. २४५ गुणिले ६३२ कोटी म्हणजे सुमारे १ लाख ५५ हजार कोटी रुपये. म्हणून नुसत्या भावावरून कंपनी लहान की मोठी हे कळत नाही. पाच हजार रुपये भावाची कंपनी पन्नास रुपये भावाच्या कंपनीपेक्षा लहान असू शकते.

मग शेअर महाग की स्वस्त हे कशावरून ठरवायचे? नफ्याशी तुलना करून. कंपनीचा वर्षाचा नफा भागिले शेअरसंख्या म्हणजे दर शेअरमागचा नफा. समजा तो २० रुपये आहे आणि भाव ३०० रुपये आहे. ३०० भागिले २० म्हणजे १५. हा पी-ई. आज मिळणाऱ्या एक रुपया नफ्यासाठी लोक पंधरा रुपये मोजत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो.

लाभांश आणि बोनस

नफ्यातला जो भाग कंपनी भागधारकांना वाटते तो लाभांश. कोल इंडियाने २०२३-२४ या वर्षासाठी दर शेअरला एकूण २५.५० रुपये लाभांश दिला. बातमीत तो ‘२५५ टक्के’ असाही छापता येतो, कारण लाभांशाची टक्केवारी १० रुपयांच्या दर्शनी किमतीवर काढण्याची पद्धत आहे. तुमचा खरा परतावा तुम्ही मोजलेल्या भावावर काढा. २४५ ला घेतलेल्याला तो साधारण १०.४ टक्के पडला, ५०० ला घेतलेल्याला ५.१ टक्के.

बोनस शब्दही असाच फसवा आहे. बैलाडिल्याचे लोहखनिज काढणाऱ्या एनएमडीसीने डिसेंबर २०२४ मध्ये एका शेअरमागे दोन शेअर बोनस दिले. १०० शेअर असलेल्याचे ३०० झाले, पण भावही तिसऱ्या हिश्श्यावर आला. एका भाकरीचे तीन तुकडे केले म्हणून पोट जास्त भरत नाही.

सेन्सेक्स, तेजी आणि मंदी

सेन्सेक्स म्हणजे मुंबई बाजारातल्या निवडक ३० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, निफ्टी म्हणजे एनएसईवरच्या ५० कंपन्यांचा. भाव चढत राहिले की तेजी, उतरत राहिले की मंदी. सेन्सेक्ससाठी १९७८-७९ हे वर्ष १०० धरले आहे. जुलै २०२४ मध्ये तो ८०,००० च्या वर गेला. ४५ वर्षांत ८०० पट, म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे १६ टक्के चक्रवाढ. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

पण सरासरी हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता. हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आला आणि २८ एप्रिलला एका दिवसात तो ५७० अंकांनी पडला. अकरा वर्षांनंतर, एप्रिल २००३ मध्येही, तो ३,००० च्या आसपासच होता. ज्याने शिखरावर पैसे घातले, त्याचे अकरा वर्षांत दुप्पट सोडाच, मुद्दलही भरून आले नव्हते.

बातम्यांत अंक सांगतात, तुम्ही टक्के काढा. २३ मार्च २०२० ला करोनाच्या भीतीने सेन्सेक्स सुमारे ३,९३५ अंकांनी पडला. १९९२ च्या जवळजवळ सातपट वाटतो ना? टक्क्यांत पाहिले तर तेव्हाची घसरण १२.८ टक्क्यांच्या आसपास आणि ही १३.१५ टक्के. जवळपास सारखीच.

एका कंपनीचे हेलकावे यापेक्षाही मोठे असतात. २४५ चा कोल इंडिया २०२० मध्ये दीडशेच्या खाली होता आणि २०२४ मध्ये पाचशेच्या वर. २०२० मध्ये ज्याला बहिणीच्या लग्नासाठी पैसे हवे होते, त्याला तोट्यात विकावेच लागले असेल. ज्याला थांबता आले, तो तरला. म्हणून पाच-सात वर्षे लागणार नाहीत तेवढेच पैसे शेअरमध्ये घालायचे आणि तेही एकाच कंपनीत नाही.

म्युच्युअल फंड आणि एसआयपी

ज्याला कंपन्यांचे हिशेब वाचायला वेळ नाही, त्याच्यासाठी म्युच्युअल फंड असतो. अनेकांचे पैसे एकत्र करून फंड ते बऱ्याच कंपन्यांत विभागतो. फंडाच्या एका युनिटची त्या दिवशीची किंमत म्हणजे एनएव्ही. दर महिन्याला ठरावीक रक्कम घालण्याच्या पद्धतीला एसआयपी म्हणतात. भाव उतरला असेल तेव्हा त्याच पैशात जास्त युनिट मिळतात, चढला असेल तेव्हा कमी. एसआयपी ही फक्त पैसे घालण्याची पद्धत आहे, तोटा न होण्याची हमी नाही. निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा तो इंडेक्स फंड. त्याचा खर्च सहसा कमी असतो.

फ्युचर्स, ऑप्शन्स आणि सट्टा

इथपर्यंतचे सगळे शब्द मालकीचे होते. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये कंपनीची मालकी मिळत नाही. ठरावीक तारखेपर्यंत भाव वर जाईल की खाली, यावरचा तो करार असतो. थोड्या पैशांवर मोठा सौदा करता येतो, म्हणून तोटाही तितकाच मोठा होतो. माझा एक माजी विद्यार्थी पहिल्या पोस्टिंगवर असताना यात पडला. सुरुवातीला थोडे पैसे मिळाले, मग सहा महिन्यांचा पगार गेला, मग मित्रांकडून उसने घेतलेले गेले. मुलगा हुशार होता, गणितात तर फारच. पण त्याने शेअर घेतलेच नव्हते, पैज लावली होती, आणि हा फरक त्याला कुणी सांगितला नव्हता.

तो एकटा नाही. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक.

केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या आचरण नियमांतही हीच रेषा आखलेली आहे. नियम १६ प्रमाणे अधूनमधून केलेली गुंतवणूक चालते, सट्टा चालत नाही, आणि वारंवार खरेदी-विक्री करणे हा सट्टाच समजला जातो. सैन्यदलांचे आपले वेगळे नियम आहेत. तुम्ही सेवेत गेल्यावर खाते उघडण्याआधी ते आपल्या युनिटमध्ये विचारून घ्या.

फसवणूक ओळखण्यासाठी

‘महिन्याला दहा टक्के नक्की’ असे कोणी म्हणाले की तिथेच थांबा. शेअर बाजारात नक्की परताव्याचे वचन सेबीचा कोणताही नोंदणीकृत सल्लागार देऊ शकत नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या गटात कुणी नफ्याचे फोटो दाखवले, अनोळखी लिंकवरून ॲप घ्यायला सांगितले किंवा एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पैसे पाठवायला सांगितले, तर तो बाजार नाही, चोरी आहे. ओटीपी आणि पासवर्ड वरिष्ठालासुद्धा सांगायचे नाहीत. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आता मुलांच्या त्या प्रश्नाकडे येतो. पैसे दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, याचा अंदाज ७२ ला व्याजाच्या दराने भागून काढता येतो. ८ टक्क्यांनी ९ वर्षे, १२ टक्क्यांनी ६ वर्षे. कुणी ‘सहा महिन्यांत दुप्पट’ म्हणाले तर वर्षाला चौपट, म्हणजे ३०० टक्के होतात, आणि सेन्सेक्सची ४५ वर्षांची सरासरी १६ आहे. एवढा एक भागाकार तुम्ही तोंडी करू लागलात, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. ओळखीची कोणतीही एक कंपनी निवडा आणि तिच्या वार्षिक अहवालातून शेअरसंख्या, नफा आणि लाभांश हे तीन आकडे वहीत उतरवा. पैसे घालायची घाई नको. त्यासाठी पुढे सगळे आयुष्य पडले आहे.