मेडशीच्या शिवारात मोकळी कोंबडी

पातूर ओलांडून अकोल्याहून वाशिमकडे येताना मेडशी लागते. मालेगाव तालुक्यातले हे गाव. भोवती टेकड्या आणि झुडपी जंगल, मधल्या जमिनीत सोयाबीन आणि तूर. इथे मोकळ्यावर कोंबड्या पाळायच्या तर उन्हाळा, जंगलातून येणारे मुंगूस-रानमांजर आणि सोयाबीनचे वर्ष, या तिन्हींचा विचार आधी करावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. तिसरीकडे लक्ष जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

कोणती कोंबडी घ्यावी

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते. आकडा लहान वाटतो, पण ती घार दिसताच पिल्लांना हाक मारते, संध्याकाळी झाडावर चढते, स्वतःचे पोट बऱ्याच अंशी स्वतः भरते आणि खुडूक बसून पुढची पिढीही काढते. सुधारित जातींमध्ये बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा व ग्रामप्रिया या ओळखीच्या आहेत. अंडी जास्त, वाढ जलद. मात्र गिरिराजा-वनराजाचे अंग जड असल्याने मुंगसापुढे त्यांची धाव तोकडी पडते. त्या सहसा खुडूक होत नाहीत. शिवाय त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लांत आईबापांचे गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो काटकही आहे, पण गिऱ्हाईक ठरलेले नसेल तर त्याच्या मागे लागू नये.

माझे मत स्पष्ट आहे: पाया गावरानाचा ठेवावा, अंड्यांसाठी थोड्या ग्रामप्रिया सोबत घ्याव्यात. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो.

सोयाबीनचे वर्ष, कोंबड्यांचे वर्ष

जूनमध्ये पेरणी होते. बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते आणि कोंबडी नेमके उघडे पडलेले दाणे टिपते. त्यात पीकही जाते आणि पक्षीही. जुलै-ऑगस्टमध्ये फवारण्या सुरू होतात; औषधाने गळून पडलेल्या अळ्या कोंबड्यांना आयत्या सापडतात. म्हणून पेरणीपासून शेवटची फवारणी होऊन काही दिवस जाईपर्यंत कोंबड्या गोठ्याजवळच्या जाळी मारलेल्या तुकड्यातच ठेवाव्यात. शेजाऱ्याच्या फवारणीचा दिवसही आधी विचारून घ्यावा.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की शिवार त्यांचे. सांडलेले दाणे, किडे, गवताचे बी मिळते आणि आंतरपिकातली तूर अजून उभी असल्याने घारीपासून आडोसाही असतो. विष्ठेचे खत जागेवर पडते ते वेगळेच.

घरात सोयाबीनची पोती आहेत म्हणून तेच कच्चे खायला घालण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिने पचू देत नाही. पिल्लांची वाढ खुंटते. मोठ्या कोंबडीने शेतात चार दाणे टिपले तर फारसे बिघडत नाही, पण रोजच्या खाद्यात घालायचे तर ते नीट भाजून घ्यावे किंवा तेल काढल्यानंतरची पेंड वापरावी. संध्याकाळी ज्वारी, मक्याची भरड आणि तुरीची चुरी मिळून पक्ष्यामागे मूठभर खाद्य पुरते. त्या लालचीने कोंबड्या वेळेवर घरीही येतात.

खुराडे आणि उन्हाळा

रात्रीच्या खुराड्यात पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा धरावी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आत कमी शिरते. मुंगूस खालून उकरतो, म्हणून पायाला दगड रचावेत आणि जाळी बारीक घ्यावी. बसायला आत आडव्या काठ्या हव्यात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो; तेव्हा झाडाखाली मातीच्या भांड्यांत पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे आणि दाणा सकाळी लवकर व ऊन उतरल्यावरच द्यावा.

रवण आणि पिल्ले

खुडूक कोंबडीखाली १० ते १२ ताजी अंडी ठेवावीत. २१ दिवसांनी पिल्ले निघतात. रवण, म्हणजे अंड्यांवर खुडूक कोंबडी, बसवायला हिवाळा उत्तम, कारण कडक उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात. सुरुवातीचे काही दिवस आई आणि पिल्ले डालग्याखाली ठेवावीत. कोरड्या दिवसांत पिल्लांना प्रथिने देण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे: मडक्यात ओले शेण आणि काडीकचरा भरून ते वाळवीच्या बिळावर रात्री पालथे घालायचे. सकाळी मडके वाळवीने भरलेले असते.

लस

काटक कोंबडी म्हणजे लस नको, हा समज घातक आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की दोन-चार दिवसांत अख्खे खुराडे रिकामे होते. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी, असा साधारण क्रम असतो. नेमके दिवस पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावेत. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि विरघळवलेली लस काही तासांतच वापरावी लागते. त्यामुळे चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवला तर परवडते. कुपी बर्फात ठेवूनच आणावी.

बर्ड फ्लूचे प्रकरण वेगळे. २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला तो आला होता. एकाएकी मरतूक दिसली तर मेलेले पक्षी नाल्यात न टाकता, विकायचा विचारही न करता, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

सुरुवात आणि विक्री

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ तलंगा (तरुण माद्या) आणि ३ नर असा आठ-दहा आठवड्यांचा गट ५० टक्के अनुदानावर मिळतो. नव्या माणसासाठी एवढी संख्या पुरेशी आहे. रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करून यावे. गावरान नर विक्रीला यायला चार-पाच महिने लागतात. आखाडीची मागणी गाठायची तर पिल्ले जानेवारी-फेब्रुवारीत निघायला हवीत, म्हणजे रवण डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत. श्रावणात मागणी खाली येते, तेव्हा जास्तीचे नर त्याआधीच काढावेत आणि तलंगा मात्र विकू नयेत.