नाव शेवटच्या ओळीत

आमच्या कसबा पेठेतील घरात दोन खोल्या आणि माणसे सहा. त्यांत माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील. ते मूळचे वाळवा तालुक्यातले. जेवण झाले की ते रिकाम्या ताटावर बोटे वाजवीत बसतात आणि आई रागावते. म्हातारपणची सवय, असे मी समजत होते. गेल्या वर्षी लावणीवरील टिपण मोठ्याने वाचत असताना पठ्ठे बापूरावांचे नाव आले आणि आबांची बोटे थांबली. "त्यो आमच्याकडला," ते म्हणाले. त्या रात्री मला प्रथमच कळले की आबा तरुणपणी नऊ वर्षे एका फडात हलगी वाजवीत असत. आईचे लग्न जमविताना ही गोष्ट सोयऱ्यांपासून लपविली होती. तेव्हापासून मी बापूरावांविषयी मिळेल ते वाचत आले. त्यातले थोडे येथे सांगते.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 11 नोव्हेंबर 1866, रेठरे हरणाक्ष येथे. घरात गावचे कुलकर्णीपण, म्हणजे दप्तर, लेखणी आणि मान. पण मुलाला नाद लागला गाण्याचा. पुढे घरदार आणि जात मागे टाकून ते तमाशात उतरले. ब्राह्मणाने फडावर जाण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. सोलापूरचे राम जोशी त्यांच्या शंभर वर्षे आधी तेच करून बसले होते. परंतु राम जोशींच्या काळी पेशवाई होती आणि शाहिराला दरबाराचा आधार मिळे. बापूरावांच्या वेळी आधार एकच : समोर बसलेला प्रेक्षक.

हा प्रेक्षक धरून ठेवणे किती अवघड असते, हे तमाशाची रचना पाहिली की कळते. आधी गण, मग गवळण, त्यात मावशीची आणि पेंद्याची थट्टा. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे एवढ्यावर सारी रात्र काढायची. अमेरिकेत साधारण त्याच सुमारास व्हॉडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता : एकाच तिकिटात गाणे, नकला, नाच, विनोद. आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्याचे वर्णन केले तेव्हा वर्गात मी एकटीच हसले. हे तर आबांचेच काम! फरक इतकाच की व्हॉडव्हिलमध्ये सुटे सुटे कलावंत येऊन जात, आणि इथे बापूराव स्वतःच गाणी रचीत, स्वतःच गात आणि फडही स्वतःच चालवीत. आपण दोन लाख लावण्या रचल्या, असे ते सांगत. आकड्याचे राहू द्या. शाहिराने आकडा लहान सांगायचा नसतो. 'मिठाराणीचा वग' त्यांचाच.

गाणे आपले आहे हे सांगायची तेव्हा एकच सोय होती. लावणीच्या शेवटच्या ओळीत कवी आपले नाव गुंफी. गाणे दुसऱ्याने उचलले तरी नाव त्याबरोबर जाई. बापूराव टिकले ते त्या नावामुळे.

आता पवळाबाई. हिवरगावच्या, महार समाजातल्या. त्यापूर्वी तमाशात बायकांची कामे नाच्या पोरे करीत. फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतात. बापूराव रचीत आणि त्या रचनेला आवाज व रूप पवळाबाई देत. दोघांच्या जोडीने मुंबई गाजविली. बापूरावांनी तिच्यासाठी जात सोडली, याचे आपल्याला केवढे कौतुक! स्वतः त्यांनीही ते कवनात सांगून ठेवले आहे. तिने काय सोडले, हे सांगायला तिच्यापाशी शेवटची ओळ नव्हती.

1927 मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको, म्हणून डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले. हे मी आबांना वाचून दाखविले. मला वाटले, ते चिडतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पैसं नाकारलं ते बरोबरच. पर बाईच्या हातात काय पडत हुतं, ते आमी बी कवा इचारलं न्हाई." डॉ. आंबेडकरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. तरीही पवळाबाईंची कला त्या पैशाबरोबर बाजूला सारावी, हे मात्र मनाला पटत नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पुढे दोघांची ताटातूट झाली. 1931 मध्ये बोलपट आला आणि करमणुकीचे दिवसच पालटले. पवळाबाई 1939 मध्ये गेल्या. बापूराव 22 डिसेंबर 1945 रोजी आपल्या या पुण्यातच, दारिद्र्यात वारले. अवघ्या पाच वर्षांनी, 1950 मध्ये, त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला.

लेख लिहून झाल्यावर मी घरी वाचला. आबांचे नाव घालू का, असे विचारले. आबांनी आईकडे पाहिले. आई भांडी विसळीत होती, मागे न वळता म्हणाली, "धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." म्हणून घातलेले नाही.