मिस हॅमिल्टन यांची हरकत

वॉशिंग्टन शहरात, व्हाइट हाउसपासून हाकेच्या अंतरावर, सोळाव्या रस्त्यावर जून 2020 मध्ये रंगविलेली ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही प्रचंड पिवळी अक्षरे मार्च 2025 मध्ये यंत्रे लावून उखडण्यास प्रारंभ झाला. ज्या महापौर म्युरिएल बाउझर यांनी ती रंगवून घेतली होती त्यांच्याच हुकमाने, आणि चौकाचे नाव बदला, नाही तर केंद्राचे अनुदान रोखू अशा आशयाचे विधेयक काँग्रेसमधील एका रिपब्लिकन सभासदाने मांडल्यानंतर हे घडले, हा तपशील वाचकांना एव्हाना ठाऊक झालाच असेल. अशा प्रसंगी एक समजूतदार भासणारा सूर हमखास ऐकू येतो. अक्षरे राहिली काय आणि गेली काय, कायदे झाले काय आणि मोडले काय, गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची मने एकमेकांविषयी निर्मळ होत नाहीत तोवर सारे व्यर्थ आहे, असा तो सूर असतो. हा विचार दिसावयास उदात्त असला तरी अमेरिकेच्या इतिहासाने तो वारंवार खोटा पाडला आहे, असे माझे मत आहे. तेथे मने बदलली ती बहुधा मागाहून. आधी बदलली ती बसण्याची जागा, बोलण्याची रीत आणि कचेरीतला नियम.

अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी केलेल्या बसबहिष्काराची कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या बहिष्काराच्या आरंभी बस कंपनीपुढे ठेवलेल्या मागण्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यांतली एक मागणी चालकांनी उतारूंशी सभ्यपणे वागावे, इतकीच होती. दुसरी, कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे अशा क्रमाने, जो आधी येईल त्याने आधी बसावे अशी. तिसरी, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत अशी. त्या शहरात कृष्णवर्णीय उतारूने पुढच्या दाराने चढून भाडे भरावयाचे, पुन्हा खाली उतरावयाचे आणि मागच्या दाराने आत शिरावयाचे असा परिपाठ असे. भाडे घेऊन, उतारू मागच्या दाराशी पोहोचण्याच्या आतच गाडी हाकून नेणारे चालकही होते. वेगळ्या जागांची पद्धत रद्द करा, असेही त्या मागण्यांत नव्हते. तरीही, सभ्यतेची ही किमान दरखास्त फेटाळली गेली. 5 डिसेंबर 1955 पासून 381 दिवस लोक पायी चालले, आणि शेवटी संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धतच घटनाबाह्य ठरविली तेव्हा जे घडले ते कोणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहून घडले नाही.

दक्षिणेकडील राज्यांतल्या या ‘शिष्टाचारा’चा बारकाईने अभ्यास केला तो बर्ट्रम डॉइल या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने, त्याचा त्या विषयावरील ग्रंथ 1937 साली प्रसिद्ध झाला. गोऱ्याच्या घरी कृष्णवर्णीयाने मागील दारी जावे, गोऱ्याने त्याच्याशी हस्तांदोलन करू नये, आणि त्याच्या नावामागे ‘मिस्टर’, ‘मिसेस’ वा ‘मिस’ कधीही लावू नये, असे ते अलिखित नियम होते. चाळिशी उलटलेला गृहस्थ ‘बॉय’ म्हणून हाकारला जाई, आणि वयोवृद्धांना ‘अंकल’, ‘आँटी’ म्हणत, ते आपुलकीने नव्हे, तर आदरार्थी संबोधन टाळता यावे म्हणून! अहो-जाहो आणि अरे-तुरे यांतील अंतर जन्मापासून जाणणाऱ्या मराठी माणसाला या अपमानाची धार निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

या शिष्टाचाराला भर न्यायालयात हरकत घेणारी एक स्त्री मला या सगळ्या इतिहासात अत्यंत थोर वाटते, आणि तिचे नाव आपल्याकडे जवळजवळ अज्ञात असावे याचे मला मनापासून वाईट वाटते. मेरी हॅमिल्टन या ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ या संस्थेच्या क्षेत्रकार्यवाह होत्या. 1963 च्या उन्हाळ्यात अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथे निदर्शकांची धरपकड झाली, आणि त्यासंबंधीच्या सुनावणीत त्या साक्षीसाठी उभ्या राहिल्या. सरकारी वकिलाने उलटतपासणीस प्रारंभ करताना त्यांना नुसते ‘मेरी’ असे संबोधिले. गोऱ्या साक्षीदार स्त्रीला त्याच इजलासात ‘मिस’ वा ‘मिसेस’ म्हटले जाई, ही गोष्ट तिथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला माहीत होती. हॅमिल्टनबाईंनी शांतपणे सांगितले की, आपल्याला योग्य रीतीने संबोधिल्याखेरीज आपण उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी उत्तर देण्याचा हुकूम केला. बाईंनी तो मानला नाही. तत्काळ न्यायालयाच्या बेअदबीबद्दल 5 दिवसांची कैद आणि 50 डॉलर दंड ठोठावण्यात आला. बाईंनी कैद भोगली, दंड भरण्यास मात्र नकार दिला.

अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. साक्षीदाराचे नाव ‘मेरी हॅमिल्टन’ असे दप्तरी नोंदलेले आहे, ‘मिस मेरी हॅमिल्टन’ असे नाही, या आशयाचा युक्तिवाद करून तेथील न्यायमूर्तींनी शिक्षा कायम केली. निर्मळ भासणाऱ्या कायदेशीर भाषेत केवढा विद्वेष दडविता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आठवत नाही. पुढे प्रकरण वॉशिंग्टनला गेले, आणि 30 मार्च 1964 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादसुद्धा न ऐकता, एका ओळीच्या आदेशाने तो निवाडा फिरविला. आधार घेतला तो आदल्याच वर्षीच्या व्हर्जिनियातील एका निर्णयाचा. तिथे एक कृष्णवर्णीय तरुण न्यायालयातील ‘आपल्या’ बाजूच्या बाकांवर बसण्यास तयार नव्हता. त्या दिवसापासून अमेरिकेतील कोणत्याही न्यायालयात कृष्णवर्णीय साक्षीदार स्त्रीला गोऱ्या स्त्रीइतक्याच आदराने संबोधिणे हा वकिलाच्या मर्जीचा विषय उरला नाही. गॅड्सडेनच्या त्या सरकारी वकिलाचे अंतःकरण पालटले किंवा कसे, याची चौकशी कोणी केली नाही, आणि करण्याची गरजही नव्हती.

मनाचे काय, असा प्रश्न तरीही उरतोच, आणि त्याचे उत्तर अमेरिकी सेनेने नकळत देऊन ठेवले आहे. 1944 च्या अखेरीस बेल्जियमच्या हिमात जर्मनांनी चढाई केली, पायदळात माणसे कमी पडली, तेव्हा सामानसुमान वाहणाऱ्या कृष्णवर्णीय तुकड्यांतून स्वयंसेवक मागविण्यात आले. ज्यांच्या बाहीवर हुद्द्याच्या पट्ट्या होत्या त्यांना त्या उतरवून साधा शिपाई म्हणून यावे लागे. तरी हजारोंनी नावे दिली, आणि त्यांच्या प्लॅटून गोऱ्यांच्या कंपन्यांत जोडल्या गेल्या. 1945 मध्ये सेनेच्याच संशोधकांनी गोऱ्या सैनिकांना विचारले की, आपल्या कंपनीत अशी कृष्णवर्णीय प्लॅटून असती तर कसे वाटले असते? ज्यांच्या तुकड्यांत असा प्रयोग झालाच नव्हता त्यांपैकी शेकडा 62 जणांनी ते अत्यंत नापसंत म्हटले. ज्यांनी कृष्णवर्णीय प्लॅटूनसह एकाच कंपनीत लढाई केली होती त्यांत असे म्हणणारे शेकडा 7 निघाले. हे निष्कर्ष त्या वेळी प्रसिद्ध होऊ दिले नाहीत. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचे सेनेतील समतेविषयीचे फर्मान निघण्यास 26 जुलै 1948 उजाडावा लागला.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात या आणि अशा अनेक पुराव्यांचा मेळ घातला. नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितले. आणि ते खरेच आहे, कारण दक्षिणेत गोऱ्यांच्या कित्येक पिढ्या कृष्णवर्णीय दायांच्या मांडीवर वाढल्या, त्यांच्या हातचे जेवल्या, आणि मोठ्या होऊन त्याच दायांना मागील दार दाखवीत राहिल्या. सहवास समान दर्जाचा हवा, उद्दिष्ट एक हवे, त्यासाठी परस्परांवाचून अडावे अशी सहकार्याची निकड हवी, आणि अधिकारपदांचा त्याला पाठिंबा हवा, या चार अटी त्यांनी घातल्या. पुढे 2006 मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी 515 अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. सहवासाने पूर्वग्रह घटतो आणि या अटी पाळल्या की अधिक घटतो, असेच त्यातून दिसले. नियम आधी आणि मने मागाहून बदलतात, याला आंतरवर्णीय विवाहाचे उदाहरण घ्या. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांवरील बंदी रद्द केली, तेव्हा बहुसंख्य लोक न्यायालयाच्या बाजूचे मुळीच नव्हते. गॅलपच्या पाहणीत 1968 साली मान्यता देणारे शेकडा 20 होते. 2021 मध्ये ते 94 झाले.

येथे महाराष्ट्राचा एक दुवा सांगितल्यावाचून राहवत नाही. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. आणि 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अर्जाच्या प्रती मागविणारा तो कायदेपंडित समतेसाठी सद्भावनेवर विसंबून राहणारा नव्हता.

म्हणूनच मला चिंता वाटते ती डांबरावरच्या अक्षरांहून जमिनीतल्या रेषांची. डेट्रॉइट शहरात 1941 मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाने गोऱ्यांच्या नियोजित वस्तीसाठी कर्जाची सरकारी हमी मिळावी म्हणून, शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेने सहा फूट उंचीची, सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत उभारली, आणि हमी मिळाली! ती भिंत आजही उभी आहे. घर हीच अमेरिकन मध्यमवर्गाची पुंजी. ज्यांना त्या काळी कर्ज नाकारले गेले त्यांच्या नातवंडांपर्यंत तो नकार वारशाने पोहोचला, आणि 2022 मध्ये गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती 2,85,000 डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900 डॉलर होती. त्याच डेट्रॉइटच्या शाळांतील वर्णविभाजनाविषयीच्या एका खटल्यात खालच्या न्यायालयाने उपनगरांतील 53 शाळा-जिल्हे शहराशी जोडून मुले एकत्र शिकविण्याची योजना आखली होती. 25 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मोडीत काढली. शाळा-जिल्ह्याची सीमा ओलांडावयाची तर त्या उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध करावा लागेल, असा त्या निकालाचा रोख आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही तोच कायदा आहे. पिवळी अक्षरे परत रंगवा अशी मागणी करणाऱ्या वॉशिंग्टनच्या तरुणांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांनी आपली पुढची दरखास्त शाळा-जिल्ह्यांच्या सीमांविषयी आणि घरकर्जाच्या नियमांविषयी द्यावी, आणि ती द्यावी तेव्हा मिस हॅमिल्टन यांच्याइतक्याच निश्चयाने तिच्यापाठी उभे राहावे.