हॉर्मोन चिकित्सा, संयुक्त

ऋतुनिवृत्तीच्या काळातील अंगाची लाही, रात्रीचा घाम इ. त्रासांवर ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन ही हॉर्मोने एकत्र देण्याची पद्धती. एकट्या ईस्ट्रोजेनाने गर्भाशयाचे अंतःस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोका वाढतो. प्रोजेस्टोजेनाने तो टळतो. पाळी पूर्ण थांबली नसल्यास प्रोजेस्टोजेन महिन्यातून १०–१४ दिवस, वर्षभर थांबलेली असल्यास दोन्ही रोज देतात. त्वचेवरील पट्टीने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो.

गर्भाशय काढलेल्या स्त्रीस सामान्यतः ईस्ट्रोजेन पुरते. बीड जिल्ह्यात २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंडाशयेही काढली असल्यास ऋतुनिवृत्ती अकाली येते व चिकित्सेची गरज वाढते. मात्र नेमके काय काढले, याची नोंद हाती नसल्यास निवड अवघड होते.