बोलका वाटाड्या

अमेरिकेतील यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. त्याची स्थापना १८७२ साली झाली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळलेला, सुमारे २३० किलोमीटर लांबीचा रस्ता या उद्यानातून जातो. या रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशांना आता मोबाइल फोनही वाटाड्याप्रमाणे स्थळांची माहिती सांगू शकतो.

मोटार कोठे आहे, हे फोनला कसे समजते? पृथ्वीभोवती फिरणारे कृत्रिम उपग्रह सतत संकेत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोचण्यास किती वेळ लागला, यावरून फोन आपले स्थान ठरवितो आणि नेमक्या जागी बोलू लागतो. उद्यानाच्या बऱ्याच भागात फोन लागत नाही. म्हणून सर्व माहिती निघण्यापूर्वीच त्यात साठवावी लागते. उपग्रहांचे संकेत मात्र तेथेही मिळतात.

ओल्ड फेथफुल हे उष्ण पाण्याचे कारंजे जवळ येताच, भूगर्भातील उष्णतेने तापलेले पाणी वर कसे उसळते, हे फोन सांगतो. परंतु पुढच्या वळणावर बायसन हा धिप्पाड रानबैल उभा आहे, हे त्याला ठाऊक नसते. बायसनपासून निदान २३ मीटर आणि अस्वलापासून ९१ मीटर दूर राहावे, असा तेथे नियम आहे. उकळत्या झऱ्यांभोवती जमिनीचा पापुद्रा पातळ असतो. लाकडी पायवाट सोडून त्यावर गेलेले काही प्रवासी प्राणास मुकले आहेत.

वाटाड्या वाट दाखवितो. पाऊल मात्र प्रवाशानेच जपून टाकावयाचे असते.