तेजोमेघाचा एकच फोटो: फास्ट लेन्समागचं गणित

"संशोधन करायचं आहे, पण आमच्या कॉलेजात मोठी दुर्बीण नाही." जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आजची पोस्ट त्यांच्यासाठी. साधा डीएसएलआर कॅमेरा, १३५ मिमीची एफ/२ टेलिफोटो लेन्स आणि ट्रायपॉड एवढ्या सामानात जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शेतातून तेजोमेघाचा फोटो काढता येतो, तोही एकाच एक्स्पोजरमध्ये. फोटो छान येतो, पण मुद्दा तो नाही. त्या एका फोटोत निरीक्षणात्मक खगोलशास्त्राचं अर्धं गणित दडलेलं असतं, आणि ते हाताने सोडवता येतं.

लेन्स छोटी, तरी 'फास्ट' कशी?

तुलना करू. एका बाजूला आपली १३५ मिमी एफ/२ लेन्स. फोकल लांबीला २ ने भागलं की तिचा व्यास येतो: ६७.५ मिमी. दुसऱ्या बाजूला २०० मिमी व्यासाची, एफ/१० ची दुर्बीण, म्हणजे फोकल लांबी २००० मिमी. प्रकाश कोण जास्त गोळा करेल? अर्थातच दुर्बीण. व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर सुमारे ८.८ पट.

पण तेजोमेघ हा ताऱ्यासारखा बिंदू नाही, तो पसरलेला आहे. दुर्बिणीची फोकल लांबी जवळपास १५ पट, म्हणून सेन्सरवर पडणारं चित्र क्षेत्रफळात सुमारे २१९ पट मोठं. प्रकाश ८.८ पट, पण तो पसरला २१९ पट जागेवर. म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर दुर्बिणीतून २५ पट कमी प्रकाश पडतो. हाच आकडा (१०/२)² करूनही येतो. पसरलेल्या वस्तूसाठी एफ-आकडा महत्त्वाचा, बिंदूसारख्या ताऱ्यासाठी व्यास महत्त्वाचा. हा फरक पक्का डोक्यात बसवा, मुलाखतीतही विचारतात.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा धरला, तर आपल्या लेन्सचा एक पिक्सेल आकाशातला ६.६ विकला एवढा भाग बघतो, दुर्बिणीचा ०.४४ विकला. बारकावे गेले, पण उजेड मिळाला. मृग नक्षत्रातला एम४२ हा तेजोमेघ सुमारे एक अंश पसरलेला आहे, तो आपल्या फोटोत साधारण ५५० पिक्सेल रुंद येतो. तेवढं पुष्कळ आहे.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं?

आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतं (नेमकं सांगायचं तर १५ गुणिले क्रांतीची कोसाइन). एम४२ ची क्रांती -५° आहे, त्यामुळे तिथे कोसाइन जवळजवळ १. एक सेकंद शटर उघडं ठेवलं की तारे सव्वादोन पिक्सेल ओढले जातात. हे चालतं. पाच सेकंद ठेवलं तर अकरा पिक्सेलच्या रेघा. म्हणून नुसत्या ट्रायपॉडवर एक सेकंद, एफ/२, आयएसओ ३२००. एवढ्यात एम४२ चा मधला भाग नक्की उमटतो. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तेव्हा ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटं लागली होती.

ट्रॅकर असेल तर मिनिटभराचं एक्स्पोजर घेता येतं. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावायचा, आणि जालन्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २०° वर दिसतो. पण आधी ट्रॅकरशिवाय करून बघा. मर्यादा जितकी कडक, तितकं गणित स्वच्छ कळतं.

दिसलं म्हणजे किती दिसलं?

आता खरा गाभा. समजा एका पिक्सेलवर तेजोमेघाकडून १०० इलेक्ट्रॉन आले आणि उजळ आकाशाकडून ३००. कॅमेऱ्याचा स्वतःचा रीड नॉइज ३ इलेक्ट्रॉन धरू. (हे आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, तुमच्या कॅमेऱ्याचे तुम्ही मोजा.) आकाशाचे ३०० आपण वजा करू शकतो, पण त्यांची चढउतार वजा होत नाही. फोटॉन मोजताना अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणून

सिग्नल-टू-नॉइज = १०० / √(१०० + ३०० + ९) ≈ ५.

आता तोच कॅमेरा शहराच्या उजेडापासून लांब न्या. आकाशाचे ३०० चे ५० झाले, तर हे गुणोत्तर ७.९ होतं. शहरात राहून तेवढं मिळवायला अडीच पट एक्स्पोजर लागलं असतं, आणि ट्रायपॉडवर तर ते शक्यच नाही. अंधार हे आपलं उपकरण आहे म्हणतात ते यासाठी. जालना शहर आणि एमआयडीसीच्या दिव्यांपासून दूर असलेली आपली गावं या बाबतीत श्रीमंत आहेत. चंद्र नसलेली रात्र निवडा, आणि थंडीत शेतात पऱ्हाट्या पेटवल्या असतील तर वाऱ्याची दिशा बघून बसा.

एकच फोटो आहे, मग गुणोत्तर आणखी वाढवायचं कसं? शेजारचे पिक्सेल एकत्र करून. ४×४ म्हणजे १६ पिक्सेलची सरासरी घेतली की गुणोत्तर चौपट होतं. एम४२ तरीही जवळपास १३७ ठिपके रुंद राहतो. सोळा फोटो एकावर एक रचून जे मिळतं, त्यातलं बरंचसं इथे बारकाव्याच्या मोबदल्यात मिळालं. संशोधनात असे सौदे रोज करावे लागतात, फक्त काय दिलं आणि काय घेतलं ते लिहून ठेवायचं असतं.

दक्षिणेचं आमिष

एक कोडं देतो. कॅरिना तेजोमेघाची क्रांती -६०°. कोसाइन अर्धा, म्हणजे तिथे तारे निम्म्या वेगाने सरकतात आणि दुप्पट एक्स्पोजर मिळतं. मग तो सोपा का नाही? जालन्याचे अक्षांश सुमारे १९.८° उत्तर, त्यामुळे कॅरिना जास्तीत जास्त १०° वर येतो. त्या उंचीवर प्रकाशाला डोक्यावरच्या हवेच्या साडेपाच पट हवा ओलांडावी लागते. दर हवेच्या थराला ०.२५ मॅग्निट्यूड घट धरली, तर माथ्यावरच्या तुलनेत प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश उरतो. मिळालं दुप्पट, गेलं तिप्पट. तरी प्रयत्न करायचाच असेल तर एप्रिलच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास, आणि अंबड-घनसावंगीच्या बाजूने, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहील. एम४२ साठी मात्र जानेवारीचा मध्य, रात्री साडेदहा: तेव्हा तो ६५° उंचीवर असतो.

रंगाचं काय?

तुमच्या फोटोत एम४२ पुस्तकातल्यासारखा लालभडक दिसणार नाही. साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतो. ५००.७ नॅनोमीटरची हिरवट रेषा मात्र आत येते. या रेषेशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. ती मॅग्नेशियमची आहे असं नॉर्मन लॉकियर म्हणत होते, विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ साली निरीक्षण प्रसिद्ध केलं: रेषा तीक्ष्ण आहे, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी एका बाजूला पसरत नाही. ती दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं. नायगमवालांनी नवं मूलद्रव्य शोधलं नाही. एका नेमक्या प्रश्नाचं, आपल्याकडच्या उपकरणाने देता येईल तेवढं उत्तर दिलं. तुमच्या पहिल्या पेपरकडूनही एवढीच अपेक्षा असते.

हे 'खरं' संशोधन आहे का?

पीटर व्हॅन डोकम आणि रॉबर्टो अब्राहम यांनी उभारलेल्या ड्रॅगनफ्लाय या दुर्बिणीत बाजारात मिळणाऱ्या ४०० मिमी एफ/२.८ टेलिफोटो लेन्स वापरल्या आहेत. आठ लेन्सच्या टप्प्यात, २०१५ मध्ये, त्यांनी कोमा दीर्घिकासमूहात ४७ अतिविरळ दीर्घिका दाखवल्या. ते एका एक्स्पोजरवर थांबत नाहीत, असंख्य एक्स्पोजर जोडतात. पण लेन्स निवडण्यामागचं कारण आपण वर पाहिलेल्या गणिताशी जुळतं: पसरलेली, अंधुक वस्तू आणि लहान एफ-आकडा. शिवाय लेन्समध्ये मध्ये अडथळा आणणारा दुय्यम आरसा नसतो, त्यामुळे विखुरलेला प्रकाश कमी.

तेव्हा करून बघा. फोटो रॉ फाइलमध्येच घ्या, जेपीईजीत आकडे बदललेले असतात. झाकण लावून तेवढ्याच वेळाचा एक डार्क फोटो घ्या. एफ/२ ला कोपरे काळवंडतात, म्हणून सकाळच्या एकसारख्या उजेडात लेन्सवर पांढरं कापड ताणून एक फ्लॅट घ्या. मग तेजोमेघाच्या मध्यापासून बाहेर जात दर वीस पिक्सेलला सिग्नल-टू-नॉइज काढा आणि आलेख करा. मध्यभागी ट्रॅपेझियमजवळ पिक्सेल भरून वाहिले असतील, तो भाग वगळा आणि वगळल्याचं लिहा. जिथे गुणोत्तर ३ च्या खाली जातं, तिथे तुमच्या मोजमापाची कड आली. सॉफ्टवेअरमध्ये ताणून त्यापलीकडेही धुरकट काहीतरी दिसेल. ते तुमच्या मापातलं नाही. ती कड कुठे आहे हे आकड्यानिशी सांगता आलं, की तुमच्या हातात फोटोबरोबर एक निरीक्षणही असेल.