एका सहीची किंमत

संग्रहाचा छंद म्हटला की आपल्याला पोस्टाची तिकिटे, नाणी, काड्यापेट्यांची चित्रे आठवतात. अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या खेळाडूंची छायाचित्रे आणि सह्या जमविणारे पुष्कळ लोक आहेत. आपल्याकडे क्रिकेट, तसा तिकडे बेसबॉल. या छंदाविषयी वाचताना एक प्रश्न मनात आला : सहीची किंमत कशावर ठरते?

आधी छायाचित्रांविषयी. १८६० नंतर पुठ्ठ्यावर चिकटवलेली, सुमारे अडीच इंच रुंद व चार इंच उंच छायाचित्रे लोकप्रिय होती. ब्रुकलिनच्या अटलांटिक्स संघाचे १८६५ चे असे छायाचित्र लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेले आहे. १८६९ साली सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज संघ उघडपणे पगारी खेळाडू घेऊन उतरला. न्यूयॉर्कच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने त्या संघाचे छायाचित्र आपल्या जाहिरातीच्या कार्डावर लावले. पुढे १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटबरोबर खेळाडूंची कार्डे मिळू लागली. त्या काळच्या कॅमेऱ्याला धावता चेंडू टिपता येत नसे. म्हणून खेळाडू स्टुडिओत स्तब्ध उभा राही आणि चेंडू दोऱ्याला टांगलेला असे. काही कार्डांवर तो दोरा चक्क दिसतो!

सह्या त्याहून दुर्मीळ. खेळाडूंची सही मागण्याची पद्धत तेव्हा फारशी रुळलेली नव्हती. त्यामुळे त्या सापडतात पत्रांवर, करारांवर, पावत्यांवर. खरी सही ओळखण्यासाठी जाणकार कागद, शाई व अक्षराचे वळण पारखतात.

मला अधिक भावली ती पुढच्या पिढीतील ‘शूलेस’ जो जॅक्सन (१८८७-१९५१) याची गोष्ट. लहानपणीच तो कापडगिरणीत कामाला लागला. शाळा राहून गेली. चाहत्यांना त्याच्या नावाची सही बहुधा त्याची पत्नी केटी करून देई. म्हणूनच त्याच्या हातची सही अतिशय दुर्मीळ. १९११ चे त्याच्या सहीचे एक छायाचित्र २०२१ साली १४ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. पण याच माणसाने १९२० साली एका करारावर सही केली. दहा दिवसांची सूचना देऊन काढून टाकण्याचे कलम त्यात होते. ते कलम नाही असे आपल्याला तोंडी सांगितले होते, अशी तक्रार त्याने पुढे न्यायालयात केली. करार त्याला वाचता येत नव्हता.

हे वाचले आणि मला माझे अण्णा आठवले. ते ऊसतोडीला जातात. उचल घेताना मुकादमाच्या कागदावर अंगठा उठवायचा, कागदात काय आहे ते मुकादमानेच सांगायचे. एका वर्षी हिशेबात आकडा वाढलेला निघाला; पण अंगठा तर अण्णांचाच होता!

गेल्या वर्षी माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर पालकांची सही हवी होती. अण्णा म्हणाले, “अंगठा नको, मला नाव शिकव.” कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी चार रात्री नाव गिरवले. आता उचलीचा कागद आधी मी वाचून दाखवतो, मगच ते सही करतात.

तो गिरवलेला कागद मी वहीत जपून ठेवला आहे. माझ्या संग्रहात एवढी एकच वस्तू आहे.